प्लाझ्मा इंजिनाची नाडीपरीक्षा

दहा रुपयांची चार नाणी तळहातावर ठेवली तर हाताला जेवढा भार जाणवेल, साधारण तेवढाच जोर लावणारे एक इंजिन एक हजार तास चालवून पाहिल्याचे इस्रोने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. या इंजिनाचे नाव ‘स्टेशनरी प्लाझ्मा थ्रस्टर’. त्याचा जोर ३०० मिलिन्यूटन, आणि तेवढ्यासाठी ते ५.४ किलोवॅट वीज घेते. एवढ्या विजेवर घरातले दोन-तीन गीझर चालतात.

श्रीहरिकोट्याहून झेपावणाऱ्या अग्निबाणाचा लोळ ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला आहे, त्यांना चार नाण्यांच्या या जोराचे हसू येईल. पण अंतराळात हवेचा अडथळा नाही आणि घाईही नाही. दोन टन वजनाच्या उपग्रहावर हाच जोर एक हजार तास लागला, तर त्याच्या वेगात सेकंदाला सुमारे ५४० मीटरची, म्हणजे ताशी १,९०० किलोमीटरहून अधिक भर पडते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

इस्रोच्या त्या घोषणेत आणखी एक वाक्य होते. चाचणी चालू असताना इलेक्ट्रोडांच्या अस्तराची झीज ठरावीक अंतराने तपासली गेली, असे त्यात म्हटले होते. बातमी वाचताना हे वाक्य सहज नजरेआड होते. वास्तविक या इंजिनांचे सारे भवितव्य त्याच एका गोष्टीवर अवलंबून आहे. इंजिन आज चालते, हे दाखवणे तुलनेने सोपे आहे. ते दहा-पंधरा वर्षे चालेल काय, हे सांगायचे असेल तर त्याच्या पोटात पेटलेल्या प्लाझ्माची नाडी पाहावी लागते. आणि ही नाडी अशी आहे की तिच्यावर बोट ठेवताच ती बदलते.

वायूचा वेग, विजेचे बळ

रासायनिक अग्निबाण इंधन जाळतो आणि तप्त वायू मागे फेकतो. त्या वायूचा वेग सेकंदाला तीन ते साडेचार किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, कारण ज्वलनातून मिळणारी ऊर्जाच मर्यादित असते. विद्युत इंजिनात ज्वलन नसते. सौरपंखांपासून मिळालेली वीज झेनॉन वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेते, मागे उरलेले धनभारित आयन विद्युत क्षेत्राच्या ओढीने बाहेर फेकले जातात. तीनशे व्होल्टचा विद्युत दाब झेनॉनच्या आयनाला सेकंदाला सुमारे २० किलोमीटरचा वेग देऊ शकतो. फेकलेल्या प्रत्येक ग्रॅमचा उपयोग त्यामुळे कित्येक पटींनी वाढतो, आणि उपग्रहाला तेवढे कमी इंधन सोबत न्यावे लागते. वाचलेल्या वजनात अधिक उपकरणे बसतात, किंवा लहान अग्निबाणावर काम भागते.

इस्रोने तपासलेले इंजिन ‘हॉल थ्रस्टर’ या जातीचे आहे. ही जात प्रामुख्याने सोव्हिएत रशियात अलेक्सेई मोरोझोव्ह यांच्या पुढाकाराने घडली. डिसेंबर १९७१ मध्ये सोडलेल्या ‘मेटेओर’ उपग्रहावर ती प्रथम अंतराळात गेली. आज स्टारलिंकचे हजारो उपग्रह याच प्रकारच्या इंजिनांवर आपली कक्षा सांभाळतात; झेनॉन महाग पडतो म्हणून त्यांनी आधी क्रिप्टॉन आणि नंतर अरगॉन वापरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेले नासाचे ‘सायकी’ हे यान हॉल थ्रस्टरच्याच बळावर एका धातुमय लघुग्रहाकडे वाटचाल करीत आहे.

रचना दिसायला साधी आहे. एखाद्या गोल खोलगट बांगडीसारखा कडेवर्तुळी खाचा घ्या. त्याच्या भिंती बोरॉन नायट्राइड या पांढऱ्या सिरॅमिकच्या. तळाशी धनाग्र, तिथूनच वायू आत सोडला जातो. तोंडाबाहेर ऋणाग्र, तो इलेक्ट्रॉन पुरवतो. खाचाच्या तोंडाशी आतल्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत आडवे चुंबकीय क्षेत्र असते. धनाग्राकडे धावणारे हलके इलेक्ट्रॉन या क्षेत्रात अडकतात आणि खाचात गोल गोल फिरत राहतात. फिरता फिरता ते झेनॉनच्या अणूंवर आदळून त्यांचे आयन करतात. आयन लाखो पटींनी जड असल्यामुळे चुंबकीय क्षेत्राला फारशी दाद देत नाहीत आणि विद्युत क्षेत्रातून सरळ बाहेर निसटतात.

हे ‘सरळ’ मात्र पूर्णपणे खरे नाही. काही आयन तिरके जातात आणि भिंतीवर आदळतात. सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आलेला प्रत्येक आयन सिरॅमिकचे काही अणू उडवू शकतो. वाळूच्या माऱ्याने दगड झिजावा तशी भिंत झिजते. ती पुरती झिजली की मागचे चुंबकीय भाग उघडे पडतात आणि इंजिनाचे दिवस भरतात. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर कारागीर पाठवता येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा?

तेव्हा प्रश्न असा, की या खाचात नेमके काय चालले आहे? शास्त्रज्ञांना मुख्यतः चार-पाच गोष्टी हव्या असतात. दर घन सेंटिमीटरमध्ये किती आयन आणि इलेक्ट्रॉन आहेत. इलेक्ट्रॉनांचे तापमान किती. विद्युत विभव, म्हणजे त्या ठिकाणची विजेची ‘उंची’, कुठे किती आहे. आणि आयन कोणत्या दिशेने, किती वेगाने व किती विद्युद्भार घेऊन निघाले आहेत.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती खरी उतरते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे जवळपास सारखाच शिजलेला असतो. हॉल थ्रस्टरच्या खाचात तसे नाही. तोंडाशी असलेल्या जेमतेम एक सेंटिमीटरच्या पट्ट्यात विभव शे-दोनशे व्होल्टने खाली येतो. तिथले इलेक्ट्रॉन दोन लाख अंशांच्याही वर तापलेले असतात, तर दोन बोटे आत धनाग्रापाशी ते कितीतरी थंड असतात. शिवाय सारा प्लाझ्मा सेकंदाला दहा ते तीस हजार वेळा श्वास घेतल्यासारखा फुलतो आणि ओसरतो. येथे एका शितावरून काहीच कळत नाही. मिलिमीटर मिलिमीटरचा आणि क्षणाक्षणाचा हिशेब लागतो.

दोन लाख अंश ऐकून वाचक दचकतील. पण हा प्लाझ्मा अतिशय विरळ आहे. त्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण एक लाख कोटी इलेक्ट्रॉन सापडतात. आपल्या भोवतालच्या हवेत तेवढ्याच जागेत त्याच्या दोन कोटी पटींहून अधिक रेणू असतात. त्यामुळे भिंत लगेच वितळत नाही. परंतु त्यात बारीक तार खुपसली, तर तिची धडगत नसते.

लँगम्यूरची तार

अशी तार खुपसण्याची युक्ती शंभर वर्षांची आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत अर्विंग लँगम्यूर विरळ वायूतील विद्युत विसर्जनाचा अभ्यास करीत होते. ‘प्लाझ्मा’ हा शब्द या अर्थाने त्यांनीच १९२८ मध्ये रूढ केला. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातील संशोधनासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२० च्या दशकात हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांच्यासह त्यांनी मोजमापाची जी रीत बसवली, ती आजही प्रत्येक प्लाझ्मा प्रयोगशाळेत पहिली म्हणून शिकवली जाते.

टंगस्टनची बारीक तार सिरॅमिकच्या नळीतून घालून तिचे फक्त टोक उघडे ठेवायचे. ते प्लाझ्मात धरायचे, तारेचा विद्युत दाब ऋणाकडून धनाकडे हळूहळू वाढवत न्यायचा आणि प्रत्येक दाबाला तारेत किती प्रवाह येतो ते टिपायचे. तार फार ऋण असेल तर ती इलेक्ट्रॉनांना परतवून लावते आणि फक्त आयन गोळा होतात. दाब वाढवला की आधी सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोहोचतात, मग त्यांच्याहून मंद, मग आणखी मंद.

एखाद्या कुंपणाची उंची हळूहळू उतरवत न्यावी आणि दर वेळी किती जण उडी मारून आत आले ते मोजावे, तसा हा प्रकार आहे. उंच उडी मारणारे बरेच असतील तर कुंपण उंच असतानाच बरीच माणसे आत येतील. प्रवाह कसा चढत जातो त्यावरून इलेक्ट्रॉनांचे तापमान निघते. चढण संपून आलेख जिथे वळण घेतो, तिथे त्या जागेचा विभव कळतो. शेवटी प्रवाह जिथे स्थिरावतो, त्या उंचीवरून कणांची घनता काढता येते. एक तार, एक आलेख आणि तीन उत्तरे.

तारेला वीज देऊन ती लालभडक तापवली तर ती स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागते. अशी तार आपोआप भोवतालच्या विभवाच्या जवळ येऊन ठरते. खाचातील विजेची उतरण मिलिमीटरगणिक काढायची असते, तेव्हा ही तापलेली तार अधिक उपयोगी पडते.

मोजणाराच बिघडवतो तेव्हा

पाण्याच्या एका थेंबाचे तापमान साध्या तापमापीने मोजता येईल काय? तापमापी थेंबात टेकताच थेंब तापमापीच्या तापमानाला येईल. हॉल थ्रस्टरमध्ये लँगम्यूरच्या तारेचे नेमके हेच होते. खाचाच्या तप्त पट्ट्यात तार क्षणभर जास्त राहिली, तर तिच्या भोवतालची सिरॅमिकची नळी तापून तिचे अणू प्लाझ्मात मिसळू लागतात. या पाहुण्या अणूंमुळे इलेक्ट्रॉन थंड पडतात, इंजिनाचा विद्युत प्रवाहच बदलतो, आणि आपण मोजतो तो प्लाझ्मा आपणच बिघडवलेला असतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेम्स हास आणि अ‍ॅलेक गॅलिमोर यांनी यावर उपाय काढला, तो वेगाचा. त्यांनी तार एका वेगवान सरकत्या यंत्रावर बसवली. ती खाचात शिरून सारे अंतर मोजून एक दशांश सेकंदाच्या आत परत बाहेर येई. तव्यावर बोट टेकवून झटकन मागे घ्यावे, तसे. २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांतून चालत्या इंजिनाच्या पोटातील विभवाचा नकाशा बऱ्याच विश्वासाने हाती आला. तरीही तार आत असताना इंजिनाच्या प्रवाहात थोडी लहर उठतेच. ती किती उठली हे प्रत्येक वेळी नोंदवून मगच आकड्यांवर भरवसा ठेवावा लागतो.

इंजिनाबाहेर पडलेल्या झोतात काम तुलनेने सोपे असते. तिथे एका चपट्या चकतीवर आदळणाऱ्या आयनांचा प्रवाह मोजतात. ही चकती इंजिनाभोवती कमानीत फिरवली की झोत किती पसरला आहे ते कळते. झोत जितका पसरट, तितका जोर वाया. एकामागे एक जाळ्या लावून त्यांच्यावर वाढता धन दाब दिला की कमी ऊर्जेचे आयन मागे फिरतात आणि आयनांच्या ऊर्जेची विभागणी हाती येते. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना काटकोनात ठेवून त्यांतून झोत सोडला, तर एक इलेक्ट्रॉन गमावलेले, दोन गमावलेले आणि तीन गमावलेले आयन वेगवेगळे ओळखता येतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन तेवढ्याच विद्युत दाबातून दुप्पट ऊर्जा घेऊन येतो, म्हणून भिंतीवर आदळला तर त्याचा घावही तेवढाच मोठा.

प्रकाशाचा स्पर्श

काहीही आत न घालता मोजायचे असेल तर प्रकाशाखेरीज दुसरे साधन नाही. झेनॉनच्या आयनावर ८३४.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर पडला की तो आयन ती ऊर्जा शोषतो आणि लगेच ५४१.९ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतो. मात्र आयन धावत असेल तर त्याला लेसरची तरंगलांबी किंचित बदललेली ‘दिसते’. फलाटावर उभ्या माणसाला धावत्या गाडीच्या शिट्टीचा सूर बदललेला ऐकू येतो, त्यातलाच हा प्रकार. सेकंदाला २० किलोमीटर वेगाच्या आयनासाठी हा फरक पंधरा हजारांत एक एवढाच असतो. लेसर तितक्या बारकाईने फिरवत नेला, तर कोणत्या ठिकाणचे आयन किती वेगाने चालले आहेत, ते प्लाझ्माला धक्का न लावता वाचता येते.

पण लेसरलाही सारे दिसत नाही. ही रीत फक्त आयनांपुरती, त्यातही विशिष्ट ऊर्जास्थितीत असलेल्या आयनांपुरती आहे. इलेक्ट्रॉनांसाठी तीव्र लेसर सोडून त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश गोळा करतात. हा प्रकाश इतका क्षीण असतो की इंजिनाच्या स्वतःच्या झगमगाटात तो शोधणे म्हणजे जत्रेच्या गलक्यात कुजबुज ऐकणे. फ्रान्समधील ऑर्लेआँ येथील संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत हॉल थ्रस्टरवर ही किमया साधली आहे.

हा सारा खटाटोप इलेक्ट्रॉनांपायी का, तेही सांगितले पाहिजे. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जितक्या हळू सरकायला हवेत असे गणित सांगते, त्याहून ते प्रत्यक्षात फार लवकर सरकतात. सूक्ष्म विद्युत लहरी त्यांना ढकलत असाव्यात, असे मानण्यास आधार आहे. पण कोणत्याही नव्या इंजिनासाठी हा वेग केवळ कागदावर काढता येईल, असे सूत्र अद्याप कोणाच्या हाती नाही. अर्धशतकाहून अधिक काळ उडत असलेल्या यंत्राच्या मुळाशी असा एक न सुटलेला प्रश्न आहे. म्हणून संगणकाच्या प्रारूपात येथे मोजलेला आकडा बसवावा लागतो.

थांबलेली झीज

मोजमापाने काय साधते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. एरोजेट कंपनीच्या बीपीटी-४००० या हॉल थ्रस्टरची दीर्घ चाचणी १०,००० तासांहून अधिक चालली. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे भिंत झिजत होती. सुमारे ५,६०० तासांनंतर मात्र ती झिजेनाशी झाली. इंजिन पूर्ववत चालू होते, जोर तोच होता, पण झीज जवळजवळ थांबली होती.

नशीब म्हणून हे सोडून देता आले असते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील संशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला. संगणकीय प्रारूपातून त्यांना दिसले, की झिजता झिजता भिंतीला असा आकार आला की चुंबकीय रेषा तिला छेदण्याऐवजी तिला समांतर वाहू लागल्या. या रेषांचे दुसरे टोक आत धनाग्राजवळच्या थंड भागात होते. एका चुंबकीय रेषेवर इलेक्ट्रॉनांचे तापमान जवळपास सारखेच राहते. त्यामुळे भिंतीलगतचे इलेक्ट्रॉनही थंड राहिले, तिथला विभवही धनाग्राइतका उंच राहिला, आणि आयनांना भिंतीकडे ओढणारी उतरणच उरली नाही.

हे झाले अनुमान. ते पडताळण्यासाठी दुसऱ्या एका इंजिनाचे चुंबक आणि भिंती मुद्दाम तशा घडवल्या आणि भिंतीतच बारीक प्रोब बसवले. इलेक्ट्रॉन खरोखरच थंड निघाले, विभव खरोखरच उंच निघाला, झिजेचा दर सुमारे हजारपटीने उतरला. अपघाताने सापडलेली गोष्ट मोजमापामुळे रचनेचा नियम बनली. आज हॉल थ्रस्टरच्या नव्या रचनांत हे ‘चुंबकीय कवच’ हेतुपुरस्सर घातले जाते.

त्या प्रयोगात आणखी एक गंमत घडली. इंजिनाच्या पांढऱ्या भिंती काही तासांत काळ्या पडल्या. आयनांचा झोत चाचणीच्या कक्षातील ग्रॅफाइटवर आदळत होता आणि तिथून उडालेला कार्बन मागे येऊन इंजिनावर बसत होता. पूर्वीच्या इंजिनात आयनांचा मारा हा थर लगेच खरवडून काढी. नव्यात मारा नसल्यामुळे तो टिकला. भिंत झिजत नाही, याची ती डोळ्यांना दिसणारी खूण होती. पण अंतराळात ग्रॅफाइटच्या भिंती नसतात, हेही त्या काळ्या रंगाने बजावले.

जमिनीवरचे आकाश

निर्वात कक्ष कितीही चांगला असला तरी तो अंतराळ नव्हे. मोठमोठे पंप अखंड चालवून कक्षातील दाब वातावरणाच्या कित्येक कोटींश भागापर्यंत उतरवतात. तरीही उपग्रहाच्या कक्षेच्या मानाने तिथे झेनॉनची गर्दीच असते. हा मागे रेंगाळणारा वायू परत इंजिनात शिरतो आणि फुकटचे इंधन ठरून जोर वाढल्याचे भासवतो. वेगवान आयन त्याच्या संथ अणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, मागे उरलेला नवा संथ आयन बाजूला भरकटतो, आणि झोत आहे त्याहून अधिक पसरल्याचे चकतीवर दिसते. कक्षाच्या धातूच्या भिंतींतून विजेला अशी वाट मिळते, जी आकाशात असणारच नाही.

म्हणून तीच मोजमापे वेगवेगळ्या दाबांना घेऊन शून्य दाबाला काय होईल याचा अंदाज बांधतात. शक्य असेल तेव्हा मोजणारी उपकरणेच आकाशात पाठवतात. सप्टेंबर २००३ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘स्मार्ट-१’ हे यान हॉल थ्रस्टरच्या बळावर चंद्राकडे निघाले, तेव्हा त्याच्यावर लँगम्यूरची तार होती, आयनांची ऊर्जा मोजणाऱ्या जाळ्या होत्या आणि यानावर साचणाऱ्या थराचे वजन करणारा क्वार्ट्झचा स्फटिकही होता.

चार नाण्यांचा हिशेब

आपल्या देशाचा या वाटेवरचा प्रवास सरळ झालेला नाही. प्लाझ्मा इंजिने घेऊन निघालेला जीसॅट-४ उपग्रह एप्रिल २०१० मध्ये अग्निबाणासह नष्ट झाला. मे २०१७ मध्ये दक्षिण आशियाई उपग्रह म्हणून ओळखल्या गेलेल्या जीसॅट-९ वर ती पुन्हा गेली, कक्षेतील जागा सांभाळण्याच्या मर्यादित कामासाठी. आता ३०० मिलिन्यूटनच्या इंजिनाकडून उपग्रहाला त्याच्या अंतिम कक्षेपर्यंत उचलून नेण्याची अपेक्षा आहे.

एक हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. एखाद्या मोहिमेला याच्या दसपट, वीसपट तास लागू शकतात. नासाच्या ‘डीप स्पेस १’ यानाच्या आयन इंजिनाची जोडप्रत जमिनीवर ३०,३५२ तास चालवली गेली होती. प्रत्येक नव्या इंजिनासाठी इतकी वर्षे आणि इतका वायू कोणत्याही देशाला परवडणार नाही. पुढे मागे बेचाळीस दिवसांच्या मोजमापांवरून दहा वर्षांचे भाकीत करावेच लागेल. त्या भाकिताचा खरेपणा भिंतीपाशी इलेक्ट्रॉन किती तापले होते, आयन कोणत्या कोनात वळले होते, आणि मोजताना आपण त्यांना किती डिवचले, या तीन उत्तरांइतकाच असेल.

इंजिनाचा जोर चार नाण्यांइतका असतो. उपग्रहाची बाकीची सारी किंमत, आणि त्यावर विसंबून असलेले संदेश, हवामानाची चित्रे व दूरचित्रवाणीच्या वाहिन्या, त्या चार नाण्यांच्या भरवशावर आकाशात टांगलेल्या असतात.